स्ट्रायकर पेटवायची रीत

माझा हात जड आहे. मी पिकअप चालवतो, जनावरांची ने-आण करतो. बेल्ह्याच्या बाजारातून घेतलेला नवा बैल फळीवर चढायला नखरे करायला लागला की मी कासरा मनगटाला गुंडाळतो आणि त्याला खेचून आत घेतो. त्यामुळं हात तयार झालाय. पण माणसाच्या तोंडावर हात टाकायची सवय मला बाजारात लागली नाही, ती फुटबॉलच्या ग्राउंडवर लागली. आणि मी ज्याला मारायचो तो समोरच्या टीमचा नव्हता. तो माझा चुलतभाऊ होता, आमचा स्ट्रायकर.

पहिली थोबाडीत महाळुंगे पडवळच्या स्पर्धेत बसली. कांदा निघालेल्या वावरात रोलर फिरवून ग्राउंड केलं होतं, गोलाला बांबू होते आणि पाय घासला की खालून बारीक खडा वर यायचा. मी टीमचा कॅप्टन, मधल्या फळीत खेळायचो. त्या दिवशी त्यांचा गोलकीपर उताणा पडलेला, गोल सताड उघडा, बॉल माझ्या भावाच्या पायात. आणि या गाढवानं तो बांबूच्या बाहेर घातला. हशा पिकला. माझं डोकं असं फिरलं की मधल्या रेषेपासून मी चालत त्याच्यापर्यंत गेलो, उजव्या हाताची ठेवून दिली, आणि चालत परत आलो. रस्त्याला मोटारसायकल उभी करून मॅच बघणारा दूधवाला म्हणाला, आवाज तिथपर्यंत आला.

भाऊ रडला नाही. गाल लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं दंडाला पुसलं. पाच मिनिटं झाली नसतील, तर त्यानं गोल मारला. पंधरा मिनिटांनी दुसरा. बस्स! पब्लिक येडं झालं. "पेटला, पेटला! दादानं पेटवला!" मॅच संपल्यावर लोक गोलाचं कौतुक कमी आणि थोबाडीतीचं जास्त करत होते. मलाही बरं वाटलं. लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

हा पोरगा माझ्याहून सहा वर्षांनी लहान. अंगानं काटकुळा, शर्ट घातला तर हँगरला अडकवल्यासारखा दिसायचा. त्याला फौजेत जायचं होतं आणि त्याशिवाय दुसरं काही करायचं नव्हतं. पहाटे कालव्याच्या रस्त्यानं पळायचा, आल्यावर दोरीला लटकायचा, मग लेखीची पुस्तकं. भरतीचं वय संपत आलं होतं. ही एक भरती हातात होती, ती हुकली की विषय संपला. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं, आणि मला तर सगळ्यांपेक्षा जास्त, कारण भरतीच्या पळण्याला त्याला घेऊन जायचं मीच कबूल केलं होतं.

आता पेटवणं म्हणजे काय, ते आमच्याकडं सांगावं लागत नाही. माझे चुलते, म्हणजे याचेच वडील, बैलगाडा पळवतात. चार बैल जुंपलेला हलका गाडा चढाच्या रानातून सेकंदांवर पळवायचा, त्या रानाला घाट म्हणतात. चुलते सांगायचे, बैल सुटायच्या आधी त्याच्या अंगात वारं भरलं पाहिजे. त्यासाठी पूर्वी कानाशी ओरडायचे, शेपटी पिरगाळायचे, काठी तर होतीच. मग बंदी आली, मग बंदी उठली, पण नियम बसले. आता बैलाच्या अंगाला काठी लागलेली दिसली तर गाडा बाद. मोबाइल घेऊन माणसं घाटाच्या कडेला उभीच असतात. चुलते हळहळायचे, "जनावर पेटवायचं कसं मग? आरती करून?"

बैलाला हात लावायची सोय राहिली नाही, आणि आम्ही ती रीत उचलून पोराला लावली. कुणी ठरवलं नाही. दुसऱ्या मॅचला शिट्टी व्हायच्या आधी आमच्याच गावातला एक म्हातारा रेषेवरून ओरडला, "कॅप्टन, बैल पेटव की राव!" सगळे हसले. भाऊही हसला, आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी मारली. त्यानं गोल केला. तिसऱ्या मॅचला मारली, गोल केला. मग ती रीतच झाली. नारळ फोडायचा, ग्राउंडला पाया पडायचं, आणि स्ट्रायकरच्या थोबाडीत द्यायची. लोक व्हिडिओ काढायचे. लग्नात भेटलेले पाहुणे विचारायचे, "तुमीच ना ते, भावाला मारणारं?" आणि मी मान डोलवायचो.

एकच माणूस होता ज्याला हे पटत नव्हतं, आमचा गोलकीपर. बाजारपेठेतल्या कापडदुकानाचा. त्याचे पणजोबा राजस्थानातून आले, पण हा आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतो. आम्ही त्याला शेठ म्हणतो. घरात मुंगी मरू देत नाहीत, दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, आणि हा गोलमध्ये उभा राहिला की समोरच्याच्या गुडघ्यावर छाती झोकून देतो. त्याची आम्ही यावरून फार खेचायचो. तो मला म्हणाला, "अरे, तो मारल्यामुळं गोल करत नाही. तो गोल करतो कारण तो बरोबर जागी असतो. मी मागून बघतो ना रोज."

"मग त्या बरोबर जागी मी मारत नाही तेव्हा का नसतो?" मी म्हणालो.

"असतो. तू बघत नाहीस."

मला राग आला. मी म्हणालो, शेठ, तुम्ही कापड फाडा.

खेळ आमचा साधा नव्हताच. पंच गावातलाच कुणीतरी, कार्ड त्याच्या खिशातच राहायचं. समोरचा बॅक आधी बॉलला मारायचा आणि बॉल गेला की नडगीला. माझ्या भावाच्या दोन्ही नडग्या तुम्ही बघितल्या असत्या तर म्हणाला असता, याला कुणी कुऱ्हाडीनं तासलंय. एका मॅचला त्यांच्या बॅकनं हेडरला उडी मारताना मुद्दाम कोपर वर आणलं आणि भावाची भुवई फुटली. रक्त डोळ्यात, तोंडात. तो खाली बसला. मी पळत गेलो आणि त्या बॅकला कपाळानं हाणलं. त्याचं नाक मोडल्याचं मला ऐकू आलं नाही, कपाळाच्या हाडात कळलं. मग काय, दोन्ही गावं आत आली. कोपऱ्यातल्या झेंड्याच्या काठ्या उपटल्या. माझ्या पाठीत कुणीतरी वीट घातली. शेठ गोलमधून पळत आला आणि भावाच्या अंगावर आडवा पडला. वरून लाथा बसत होत्या त्या त्यानं खाल्ल्या. अर्ध्या तासानं वातावरण निवळलं, भावाच्या भुवईला फडकं बांधलं, आणि खेळ पुढं सुरू झाला. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तर अजिबात नाही.

त्या मॅचनंतर शेठनं मला देवाची शपथ घातली, की पुढच्या मॅचला याला हात लावायचा नाही. भुवईची टाके घातलेली जखम ओली होती. मी कबूल झालो.

मॅच लोणीच्या बाजूला होती. मारलं नाही. हात नुसता मागं धरून उभा राहिलो आणि पब्लिक खट्टू झालं. आणि झालं काय? आम्ही हरलो. भावाचा एकही गोल नाही. त्या दिवशी माझा पाय चांगला चालला होता, म्हणजे मला तसं वाटत होतं. बॉल आला की दोन माणसं चुकवायची आणि लांबून सणकावायचा. माझा लांबचा फटका तालुक्यात नावाजलेला. दहातला एक आत जायचा, पण तो असा जायचा की लोक वर्षभर सांगायचे. बाकीचे नऊ उसात जायचे. हाफटाइमला भाऊ जवळ आला, घाबरत म्हणाला, "दादा, मी पळायला लागलो की दे ना. पहिल्याच टचला. थांबल्यावर दिलास तर दोघं अंगावर येत्यात."

"तू शिकवतोस मला?" मी म्हणालो. "जा, उभा राहा तिकडं."

तो गेला. परत त्यानं ते काढलं नाही. मॅच हरल्यावर सगळे माझ्यावर उखडले, पण माझ्या खेळावर नाही. "पेटवला न्हाई तर कसा पळंल?" मी शेठकडं बघितलं. झालं समाधान? अशी ती नजर होती. पुढच्या मॅचपासून रीत परत सुरू झाली, आणि गोल परत सुरू झाले. आता मला सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला काय वाटलं असतं?

भरतीची लेखी तो पास झाला. पळण्यात त्याच्या पुढं कुणी नव्हतं. मी गाडी लावून तारेबाहेर उभा होतो, तो घामानं निथळत आला आणि माझ्या गळ्यात पडला. एवढा आनंद मी माझ्या लग्नात केला नव्हता. राहिलं होतं फक्त मेडिकल. त्याची तारीख आली, आणि तालुक्याची फायनल त्याच्या बरोबर एक आठवडा आधी आली.

चुलते म्हणाले, "खेळू नको. पाय मोडला तं?" भाऊ म्हणाला, पाय सांभाळतो. मी म्हणालो, मी आहे ना, कोण हात लावतो बघतो. शेठ दुकानातून बाहेर येऊन पिकअपच्या खिडकीशी उभा राहिला. "खेळू दे. पण तू तुझी ती रीत करू नकोस. मेडिकलला कानसुद्धा बघतात." मी म्हणालो, पाठीवर थाप मारीन, झालं? तो म्हणाला, झालं. आणि खरं सांगतो, माझ्या मनात तेवढंच होतं.

फायनलला माणूस मावत नव्हता. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर उभं राहून लोक बघत होते. मॅचआधी मी भावाच्या पाठीवर थाप मारली. लोक ओरडले, "अय, हे काय! बैलाला कुरवाळतो का!" पहिल्या हाफला आमच्याकडून काहीच झालं नाही. मी तीन फटके लांबून मारले, एक बांबूला लागून परत आला. त्यांनी कॉर्नरवरून एक गोल टाकला. हाफटाइमला आम्ही एक शून्य खाली. मी बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतत होतो, तोंडात माती, गुडघा सुजलेला, आणि भोवतीनं लोकांचं रिंगण. "पेटव! पेटव! पेटव!" टाळ्यांचा ठेका धरला होता.

मग भाऊ स्वतः उठून माझ्यासमोर आला. डोळे मिटले. गाल पुढं केला.

मी शेठची आठवण काढली का? काढली. पण समोर दोन हजार तोंडं उघडी होती, आणि मला हरायचं नव्हतं. मी गालावरच मारणार होतो. पण कुणीतरी माझ्या डावीकडून त्याला हाक मारली, त्यानं तेवढीच मान हलवली, आणि माझा पंजा, खोलगट धरलेला, सपाट नाही, त्याच्या डाव्या कानावर बसला. फट् असा आवाज आला, पिशवीत हवा भरून फोडावी तसा. तो एका गुडघ्यावर खाली गेला. लोकांनी गुलालाच्या मुठी उधळल्या. क्षणभर त्याची नजर कुठंच नव्हती. मग तो उठला, डोकं झटकलं, आणि धावत जागेवर गेला. शेठ माझ्याकडं बघत होता. मी बघितलं नाही.

दुसऱ्या हाफला मला भावाकडंही बघवत नव्हतं. बॉल माझ्या पायात आला की मी तो त्याच्या वाटेला ढकलून मोकळा व्हायचो. आणि तो प्रत्येक वेळी तिथं असायचा. पहिला गोल तर पायाचा नुसता आतला भाग लावून केला. जोर नाही, काही नाही, गोलकीपरच्या अंगठ्याजवळून बॉल घरंगळत गेला. दुसऱ्याला बॅकनं मागून त्याच्या टाचेवर बुटाचे स्टड उतरवले, तो पडता पडता डोक्यानं बॉल आत देऊन पडला. दोन एक. मॅच संपली तेव्हा मी रडलो. त्या पोराला खांद्यावर घेतलं आणि अख्ख्या ग्राउंडला दाखवलं, बघा, हा माझा भाऊ.

ट्रॅक्टरवर बसवून त्याची मिरवणूक काढली. डीजे लावला. तो पूर्ण वेळ डाव्या कानावर तळहात धरून बसला होता. मला वाटलं डीजेचा आवाज सहन होत नाही. शेठ दिवस मावळायच्या आत जेवायला घरी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी भावाच्या उशीला पिवळं ओलं लागलं. माझ्या आईनं लसणाचं तेल कोमट करून कानात सोडलं, आमच्याकडं कान दुखला की तेच करतात. तो किंचाळला. कसा किंचाळला! त्या आवाजानं शेजारची कोंबडी सुद्धा उडाली. तरी आई म्हणाली, लागू पडतंय. तिसऱ्या दिवशी कान फुटला, वाहायला लागला. त्यानं कुणाला डॉक्टरकडं नेऊ दिलं नाही. म्हणाला, मेडिकलच्या आत बरं होईल.

मेडिकलला मीच घेऊन गेलो. गेटबाहेर पिकअप लावली आणि चार तास बसलो. तो बाहेर आला, दार उघडून बसला, पट्टा लावला. म्हणाला, "पडद्याला भोक हाय म्हनं."

"मग?"

"अनफिट. मुदत देत्यात, परत तपासत्यात."

मी गाडी चालू केली. मंचरपर्यंत सरळ आलो. मग मी त्याला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी नळीतून बघितलं, तेल कुणी घातलं म्हणून झापलं, आणि विचारलं, "कशानं झालं? कुणी मारलं?" मी पायातल्या चपलेकडं बघत होतो. भाऊ म्हणाला, "बॉल लागला, डॉक्टर. जवळनं." डॉक्टरांनी बॉल लिहिलं.

भोक मुदतीत भरलं नाही. परत तपासलं, परत अनफिट. वय पुढच्या भरतीला बसत नव्हतं. संपलं.

हे कळलं तेव्हा चुलते गोठ्यासमोर ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते. ते फायनलला नव्हते; थोबाडीत नेहमीसारखी गालावर बसली आणि कानाला बॉल लागला, एवढंच त्यांना ठाऊक होतं. बातमी ऐकून ते उठले. मग हातातली नळी दुपदरी केली आणि पोराच्या पाठीवर ओढली. "सांगितलं व्हतं का न्हाई, खेळू नको म्हून! बॉल लागला! बॉल! मुडद्या, आरं जन्माचं वाटुळं केलंस!" एक, दोन, मोजले नाहीत. नळी हवेत शिट्टी वाजवायची आणि मग पाठीवर पडायची. पोरगा उभा होता, वाकला पण नाही, हात वर केला नाही. चुलती मध्ये पडायला आली तर तिलाही एक लागली. आणि मी तिथं होतो. कडुलिंबाखाली, दहा पावलांवर. मी म्हणू शकत होतो, नाना, बॉल नाही, मी. दोन शब्दांचं काम होतं. एवढा मी ग्राउंडवरचा वाघ, नाकं फोडणारा, आणि मी कडुलिंबाची साल नखानं खरवडत राहिलो. चुलत्यांचा हात थकला, नळी टाकून ते खाली बसले आणि स्वतःच रडायला लागले, आणि तरी मी बोललो नाही. नंतर कितीतरी दिवस मला माझ्या थोबाडीत द्यावीशी वाटायची. एकदा पिकअपच्या आरशात बघून दिली सुद्धा. काय उपयोग?

पुढच्या हंगामाला टीम उभी राहिली, पण भाऊ खेळला नाही. नवीन स्ट्रायकर आणला, अंगानं दांडगा. त्याला मी पहिल्या मॅचला मारली, तर त्यानं उलट माझ्या पोटात बुक्की घातली. गोल काही झाले नाहीत. मला कळेना. मी शेठच्या दुकानात गेलो. फायनलनंतर आमचं बोलणं तुटल्यासारखंच होतं. तो साड्यांच्या घड्या घालत होता. मी म्हणालो, "शेठ, तो गोल कसा काय करायचा, एकदा मला सांग."

त्यानं घडी पुरी केली, मोबाइल काढला, आणि गादीवर जागा करून दिली. त्याच्या गोलमागं त्याचा धाकटा काका बसायचा, त्यानं सगळ्या मॅचचे व्हिडिओ काढून ठेवले होते. शेठ म्हणाला, "तू त्याच्याकडं बघू नकोस. तू तुझ्याकडं बघ."

महाळुंग्याची मॅच. थोबाडीत द्यायच्या आधीचा मी: बॉल घेतोय, एकाला चुकवतोय, दुसऱ्याला चुकवतोय, लांबून मारतोय. पुढं भाऊ मोकळा, हात वर करून पळतोय, थांबतोय, परत मागं येतोय, परत पळतोय. मी त्याला बघतही नाही. मग थोबाडीत. त्यानंतरचा मी: बॉल आला की एका टचला त्याच्या पुढं. एका टचला. मान खाली. गोल. दुसरी मॅच, तेच. लोणीची मॅच, जिथं मारलं नव्हतं: भाऊ तसाच पळतोय, त्याच जागांवर जातोय, गोलपुढच्या चुन्याच्या चौकोनात शिरतोय, आणि बॉल माझ्याकडून उसात जातोय. फायनलचे दोन्ही हाफ बघितले. पहिल्यात तो जितका पळाला तितकाच दुसऱ्यात पळाला. बदललो होतो तो मी.

"स्ट्रायकर रोज तेच करत असतो रे," शेठ म्हणाला. "जागेवर जाणं, परत जाणं. त्याला बॉल वेळेवर मिळाला की लोक म्हणतात आज पेटला. तू त्याला मारायचास आणि मग तुला लाज वाटायची. लाज वाटली की तू पास द्यायचास. एवढंच होतं सगळं."

"तेव्हा का नाही दाखवलंस?"

"तू मला कापड फाडायला सांगितलं होतंस," तो म्हणाला, आणि पुढची साडी उचलली.

मी दुकानातून निघालो तो सरळ चुलत्यांच्या गोठ्यावर गेलो. ऊन चांगलं वर आलं होतं. भाऊ गव्हाणीच्या कट्ट्यावर बसून कडब्याच्या पेंढ्या सोडत होता. चुलते पलीकडं बैलाला खरारा करत होते. मी भावाशेजारी बसलो. म्हणालो, "व्हिडिओ बघितले. सगळे."

"मग?"

"तू मारानं पेटत नव्हतास."

"न्हाई." त्यानं पेंढीचा बंध तोडला. "मला म्हाईत व्हतं, दादा. तिसऱ्या मॅचपासनं म्हाईत व्हतं. तू मारलंस की तुला माझं त्वांड बघवायचं न्हाई. मग बॉल यायचा. न मारता कवाच यायचा न्हाई."

"मग बोलायचंस की मला!"

"बोललो व्हतो. लोणीला." तो रागानं बोलत नव्हता, तेच मला सोसवत नव्हतं. "तू म्हणलास, मला शिकवतो का. मग मी काय करणार? बॉल नसला तर स्ट्रायकर म्हंजी निस्ता उभा माणूस. थोबाडीत खाऊन बॉल मिळत व्हता, तर खाल्ली. फायनलला मी सवताच आलो ना म्होरं? तुला काय वाटलं, पब्लिकसाठी आलो?"

त्यानं माझ्याकडून एक पास मिळावा म्हणून माझा मार मागून घेतला होता, आणि तो पास द्यायला मला काहीसुद्धा लागत नव्हतं. मान वर करून बघायचं होतं, बस. मी पुटपुटलो, "माझं चुकलं रे."

मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो होतो. त्यानं मान वळवून उजवा कान माझ्याकडं केला. "काय म्हणलास?"

हळू बोलायची सोय मीच ठेवली नव्हती. मी मोठ्यानं, पार गोठाभर ऐकू जाईल असं म्हणालो, "तुझा कान मी फोडला. बॉलनं नाही. मी फोडला."

पलीकडं खराऱ्याचा आवाज थांबला. चुलते बैलाच्या आडून पुढं आले, आणि मी उठून उभा राहिलो.